सतरा रेघांचा भागाकार

दारव्ह्याच्या स्टँडवरचे जीपवाले पोलिसांना भीत नसत तेवढे आमच्या घरमालकांना भीत. खोटं सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलंय. काका पिशवी घेऊन येताना दिसले की लायनीतले दोघं-तिघं खाली उतरायचे आणि आपापल्या नंबरप्लेटपुढे उभे राहायचे. एकजण तर खांद्यावरचा दुपट्टाच टाकायचा प्लेटवर. मी गावात नवीन होते, पंचायत समितीत कंत्राटी कम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागलेली. मला वाटलं, कागदपत्रं धड नसतील मेल्यांची. मग एकाने हळूच सांगितलं, "मॅडम, तुमचा घरमालक नंबर तोडते."

तोडते म्हणजे काय, तर संख्येला कशाकशाने भाग जातो ते सांगतात. बस, एवढंच. पण झालं होतं असं की एका जीपवाल्याने हौसेने एक हजार एक नंबर घेतला होता. काका त्या गाडीपुढे जरा थांबले आणि म्हणाले, "सात, अकरा, तेरा. तीन ठिकानी तुटते बुवा." आठ दिवसांनी ती जीप बाभळीवर गेली. कोणाला काही झालं नाही, ड्रायव्हरचा मात्र पाय मोडला, तोही तीन ठिकाणी. आता यात काकांचा काय दोष? पण स्टँडवरच्या लोकांना कोण समजावणार!

मीही हसायचे या गोष्टीला. मग एक दिवस काका अंगणात माझ्या स्कूटीपुढे उभे दिसले. दोन हजार एकवीस नंबर होता तिचा. "दिसते मोठी अखंड," ते म्हणाले, "पन तुटते. त्रेचाळीस आन सत्तेचाळीस." मी म्हटलं, वा काका, आणि खोलीत आले, कुकर लावला. पहिली शिट्टी व्हायच्या आत मला ते दोन आकडे ओळखू आले. त्या वर्षी माझी आई त्रेचाळीसची होती आणि बाबा सत्तेचाळीसचे, आणि तीनच महिन्यांपूर्वी पुसदला बाबांनी वेगळी खोली केली होती. ही गोष्ट मी दारव्ह्यात कोणालाच, अगदी कोणालाच सांगितली नव्हती. मी तशीच ताडताड बाहेर गेले आणि भांडायच्या सुरात विचारलं, "काका, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"माझ्या घरचं."

"मी तं गाडीचं सांगतलं वं, पोरी," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं खरंखुरं आश्चर्य होतं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. गणितात बी.एस्सी. करून सारी नोकरी लोकांच्या बांधावर साखळी ओढण्यात गेली. उंच, वाळके, पांढरा बनियन आणि लुंगी. चालताना पावलं मोजायचे, ओठ हलताना दिसायचे. बोलणं जवळजवळ नाहीच. मी भाड्याने राहायला आले त्या दिवशी त्यांनी मला तीन वाक्यं सांगितली: नळ सकाळी येते, मागच्या दाराची कडी ढिली हाय, आन मधल्या खोलीच्या भितीले हात लावाचा नाई. झालं. त्यानंतर महिनाभर एक शब्द नाही. आमच्या पुसदकडे एवढ्या वेळात माणसं सोयरीक जुळवून मोकळी होतात.

पण रोज सकाळी सहाला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, आणि त्या आवाजाने मी पहिले पंधरा दिवस अक्षरशः घाबरून उठले. आधी पेनाचा कागदावर खरखर आवाज, बराच वेळ. मग सगळं थांबायचं. आणि मग काका अगदी मऊपणे म्हणायचे, "नाई." जसं कोणीतरी त्यांना काही विचारलंय आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून ते हळू सांगताहेत. मग परत खरखर. दहा मिनिटांनी परत, "नाई." रोज पंधरा वेळा. मी मोजले होते. घरात दुसरं कोणीही नव्हतं, आणि तरी तो एकट्या माणसाचा आवाज वाटायचा नाही. एखाद्या दिवशी दोन "नाई"च्या मध्ये फार वेळ गेला की मी पांघरुणात श्वास धरून बसायचे. वेडेपणाच, पण बसायचे.

शेवटी एकदा विजेचं बिल द्यायच्या निमित्ताने मी मधल्या खोलीत घुसले. सगळं घर निळसर डिस्टेंपरचं, दर दिवाळीला रंगवलेलं. पण मागच्या दाराजवळ परातीएवढा तुकडा जुन्या चुन्याचा तसाच सोडलेला, आणि त्यावर गेरूने, बोटाने ओढलेल्या उभ्या रेघा. ओळीने सतरा. गेरू इतका लाल की मला वाटलं कालच ओढल्यात. भिंतीशी एक स्टूल, एक पाट, आणि छतापर्यंत वह्यांच्या थप्प्या.

"तिनं मारल्या," काका म्हणाले. बिल हातात तसंच होतं त्यांच्या. "चोवीस सालं झाले."

त्या दिवशी ते बोलले, थांबत थांबत. काकू आठवडी बाजाराला म्हणून गेल्या. संध्याकाळी काका ऑफिसातून आले तर भाजीने भरलेली पिशवी दाराच्या खुंटीला टांगलेली. वर कोथिंबीर, ओल्या फडक्यात गुंडाळून. काकू नव्हत्या. त्या बाजारातून परत आल्या होत्या, पिशवी टांगली होती, आणि मग कुठेतरी गेल्या होत्या. विहिरी पाहिल्या, नदी पाहिली, पोलिसांत दिलं. काहीच नाही. त्याआधी सतरा दिवस त्या रोज एक रेघ ओढत होत्या.

"तुम्ही विचारलं नाही, कशाच्या रेघा म्हणून?"

"मले वाटलं दुधाच्या असतीन." मग बिलाची घडी घालत म्हणाले, "दूधवाला म्हने, बाई तं हिशोब तोंडीच ठेवे."

मी उठणार होते, पण त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "सतरा एक. वाच बरं."

मी वाचायला लागले आणि कोटीच्या पुढे अडकले. काकांनी एकेका रेघेखाली बोट धरून उजवीकडून डावीकडे घरं सांगितली, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य. सतरावी रेघ मध्य. "याच्या पुढं एकच घर हाय, परार्ध. मंग नावंच सरतात. ती नावं सरायच्या जरा अलीकडं थांबली." मी बिलाचं न बोलताच उठून आले.

बाकीची गोष्ट मला काकांच्या साळ्याने सांगितली. ते काकूंचे धाकटे भाऊ, केळापूरकडे त्यांची शेती. दरवर्षी तूर निघायच्या सुमारास यायचे, ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे आणि तेच एक मागणं मागून जायचे. हरवलेलं माणूस सात वर्षं परत आलं नाही की त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात, म्हणजे ते माणूस सुटलं. काकूंचा पुतळा काकांनी होऊ दिला नव्हता. अग्नी नवऱ्यानेच द्यायचा, आणि नवरा नाही म्हणतो. सातव्या वर्षी साळे गुरुजींनाच घेऊन आले तेव्हा काका भिंतीकडे पाहत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही संख्या ज्या दिवशी तुटन त्या दिवशी मी पळसाचे पानं आनीन. वचन देतो."

"आमाले वाटलं, येडे झाले," साळे म्हणाले. "पन वचन तं वचन. तवापासून तोडूनच राह्यले. मॅडम, माही माय नव्वदची झाली. जीव अडकला तिचा. म्हनते, पोरगी मोकळी झाल्याबिगर मी कशी जाऊ? तुमी कम्प्युटरवाल्या. तुमच्या फोनमंदी तुटन का हो तो आकडा?"

मी फोनकडे पाहिलं. ही गोष्ट मला आधी का सुचली नाही कोण जाणे. कदाचित सुचली होती आणि मी ती बाजूला सारली होती.

काकांनी ते वचन उगाच दिलं नव्हतं, हे मला त्याच संध्याकाळी काकांकडून कळलं. नुसत्या एकांच्या संख्या तशा भोळ्या असतात म्हणे. तीन एक घ्या, सदतिसाने तुटतात. पाच एक एक्केचाळीसने, सात एक दोनशे एकोणचाळीसने. तेरा एक एवढी लांब रांग, तीही नुसत्या त्रेपन्नने. काकांचा अंदाज होता की सतराही महिन्याभरात तुटेल, तेवढ्यात आपलं मन तयार करू. पण ती तुटेना. एक सवलत होती. चौतिसाच्या पाढ्यात एक मिळवला की जे आकडे येतात, पस्तीस, एकोणसत्तर, एकशे तीन असे, तेवढेच तपासले की पुरे, बाकीच्यांनी सतरा एकांना भाग जाऊच शकत नाही. तरी ते आकडे हजारो, लाखो. कॅल्क्युलेटरला काकांनी कधी हात लावला नाही. रोज पंधरा भागाकार, प्रत्येकाखाली नवाचा ताळा; सतरा एकांची बेरीज सतरा, एक आणि सात आठ, म्हणून ताळ्यात आठ आले की बरोबरची खूण. मग, "नाई." मी राहायला आले तेव्हा ते एकतीस लाखांच्या पुढे पोचले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी सतरा वेळा एक दाबला. डब्याचं झाकण उघडायच्या आत उत्तर आलं. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस गुणिले एक मोठी दहा आकडी संख्या. तुटली. एका क्षणात तुटली की हो! मला आधी रडूच आलं, त्या पहाटेच्या सगळ्या "नाई" आठवून. आणि मग डोक्यात दुसरा प्रकाश पडला. वीस लाख? काका तर एकतीस लाखांवर आहेत. म्हणजे हा आकडा त्यांनी ओलांडला. कधीच ओलांडला.

मला वाटलं, चुकले असतील. हातचा विसरले असतील, माणूस आहे. त्या बुधवारी काका पेन्शनच्या कामाला गेले आणि मी चोरासारखी मधल्या खोलीत शिरले. वह्यांवर आकडे घातलेले होते, शोधायला वेळ लागला नाही. सहा वर्षांपूर्वीची वही. पान सापडलं. सुरेख अक्षर, एकाखाली एक नीट आकडे. भागाकार शेवटच्या पायरीपर्यंत अचूक आला होता. शेवटच्या पायरीला सात वेळा भाग जात होता. काकांनी सहा वेळाच दिला होता. त्यामुळे खाली बाकी उरली होती वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. ज्याने भागलं तेवढीच बाकी, तंतोतंत. चौथीतल्या पोरालाही माहीत असतं की बाकी एवढी मोठी ठेवता येत नाही, अजून एकदा भाग जातो. खाली ताळा केलेला होता. तोही बरोबर आठ. काकांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. ते फक्त शेवटची एक पायरी चढले नव्हते.

मी किती वेळ तिथे बसले ठाऊक नाही. भिंतीकडे पाठ करून बसवेना, आणि तोंड करूनही बसवेना.

संध्याकाळी काका ओट्यावर ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. मला गोल गोल बोलता येत नाही. मी समोर जाऊन सांगून टाकलं, "काका, ती वही पाहिली मी. वीस लाखांतली."

त्यांचे हात थांबले नाहीत. "फोननं तोडलं?"

"हो."

"किती टाइम लागला?"

"लगेच."

"लगेच," ते म्हणाले. एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "मले अकरा सालं लागले."

"मग शेवटचा सात का नाही लिहिला? वचन दिलं होतं ना?"

"सहा परेंत खरंच हाये न. खोटं कोठं लिहलं मी? ताळा पाह्य."

"ताळ्याचं काय सांगता मला! तिकडे नव्वद वर्षांची बाई जीव धरून बसली आहे." माझा आवाज चढला होता. घरमालकाशी बोलते आहे, उद्या खोली सोड म्हणतील, कशाचंच भान नव्हतं. "सहा वर्षं, काका! आणि वर परत रोज सकाळी उठून नाई नाई!"

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी मी थांबलो," ते म्हणाले. "सात दिसत होते. लिहाचे बाकी होते. आन भितीतून कोनी दम सोडल्यावानी आवाज आला, पोरी. देवाशपथ. जसं कोनी वाट पाहून राह्यलं होतं, मी काय म्हनतो म्हून. मी म्हनलं, नाई. मंग चूप झालं सारं." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "कोथिंबीर ओल्या फडक्यात बांधून ठेवून गेली ते. सुकू नये म्हून. अशा बाईले मी कसा जाळू? आन भागाकार बंद केला तं सकाळी तिच्याशी बोलू काय?"

मी खोलीत आले. साळ्यांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, नाही जमलं हो फोनला, फार मोठा आकडा आहे. सांगताना माझी मलाच लाज वाटली. म्हातारीचं तोंड मी पाहिलं नव्हतं म्हणून ते जमलं.

आठवड्याने ती स्वतःच आली. भर दुपारी दारात ऑटो थांबला आणि साळ्यांनी दोन्ही हातांनी एवढीशी बाई उतरवली. पोरगी गेल्यापासून तिने या घराची पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं, आणि चोवीस वर्षं ते पाळलं होतं. आज म्हणे सकाळी उठून म्हणाली, मले ने, मीच इचारतो जवाईले. काका लगबगीने उभे राहिले, बनियनवर सदरा चढवायला लागले. म्हातारी त्यांच्याशी काही न बोलता थेट आत गेली. मी पाणी घेऊन मागे गेले.

"कोठं हाय तो आकडा?" ती म्हणाली.

साळ्यांनी भिंत दाखवली. ती आयुष्यात शाळेत गेलेली नव्हती. तिला मुलाने एवढंच सांगितलं होतं की भाऊजी एक मोठा आकडा तोडून राह्यले. तिला वाटलेलं, ऑफिसचा काही असेल, कागदावरचा. ती रेघांच्या अगदी जवळ गेली, डोळे बारीक केले. आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही.

"अव माय! ह्या तं तिच्या रेघा होत."

"हो आत्याबाई," काका म्हणाले. "सतरा हायेत. सतरा एकांची..."

"कायच्या हायेत मालूम हाये तुमाले?"

काकांचा हात सदऱ्याच्या गुंडीवर थांबला.

"ती दिवाळीले आली का सांगे मले. म्हने, आई, ज्या दिवशी हे माह्याशी एक शब्द बोलत नाई न, त्या दिवशी मी भितीवर रेघ मारतो. बोलले का पुसून टाकतो. कधी दोन होते, म्हने, कधी चार. हासून सांगे." म्हातारीने अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि भिंतीकडे पाहत एकेक पेर मोजलं. सतरापर्यंत गेली. मग तिचा हात खाली आला. "सतरा दिवस, जवाईबुवा?"

मला काकांकडे पाहायचं धाडस होईना, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की ग्लास भिंतीवर फेकावा. मग त्यांचं तोंड दिसलं आणि राग कुठल्या कुठे गेला.

"भांडन नाई झालतं, आत्याबाई," ते म्हणाले. "काहीच झालं नव्हतं. बोलाचं राहून गेलं."

"मालूम हाये. भांडन झालं असतं तं बरं झालं असतं."

"तुमी कधी सांगतलं नाई."

"तुमी कधी इचारलं?"

काका स्टुलावर बसले. भिंतीकडे तोंड केलं. ज्या संख्येला त्यांनी सतरा वर्षं भागलं, ती त्यांच्याच न बोललेल्या दिवसांची होती. मग उठले, थप्पीतून न चुकता ती वही काढली, पान उघडलं. पेन माझ्याकडून मागून घेतलं. सहावर काट मारली, सात लिहिले, खालची बाकी खोडून शून्य काढलं. रोजच्यासारखे जरा थांबले. मी वाट पाहत होते, पण ते "नाई" म्हणाले नाहीत.

"जातो भाग," ते साळ्यांना म्हणाले. "पळस पाहून ठेव."

चौथ्या दिवशी अडाण नदीवर पुतळा झाला. पळसाची तीनशे साठ पानं लागतात, ती काकांनी स्वतः मोजली. "कशानंबी तुटते हे तं," एवढंच पुटपुटले. डोक्याच्या जागी नारळ, अंगावर काकूंचं एक जुनं हिरवं लुगडं. बायका नदीवर जात नाहीत, पण म्हातारी ऐकेल तर ना! आणि तिला धरायला कोणीतरी हवं म्हणून मीही गेले. दुपारचं ऊन होतं, पाणी कमी, आणि पलीकडच्या काठावर कोणी नव्हतं.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती, ती गुरुजींनी सांगितली. माणूस डोळ्यांदेखत गेलेलं नसतं, म्हणून काडी लावण्याआधी त्याला नावाने तीनदा हाक मारायची. ओ आली नाही तर मगच अग्नी. ओ आली तर थांबायचं. आता ओ कुठून येणार, पण रीत आहे.

काका पुतळ्याच्या पायाशी उभे राहिले. पहिली हाक इतकी बारीक होती की नदीलाही ऐकू गेली नसेल. नाव मी इथे लिहीत नाही. ते फार साधं नाव होतं, आणि ते त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. दुसरी हाक जरा मोठी. मग त्यांनी घसा खाकरला, नदीच्या बाजूला तोंड केलं आणि तिसरी हाक अशी मारली की काठावरचे बगळे उठले.

"ओ!"

मी म्हातारीचा दंड धरला होता. ओ तिच्याच तोंडून निघाली, मी तिचे ओठ उघडताना पाहिले, माझ्या हाताला तो हुंकार जाणवला. पण आवाज तिचा नव्हता. दात नसलेल्या नव्वद वर्षांच्या बाईचा तो आवाज नव्हता. तरण्या बाईचा होता, स्वयंपाकघरातून दिल्यासारखा, मोकळा. साळे पांढरेफटक पडले. गुरुजींनी पळी खाली ठेवली. म्हातारी मात्र पुतळ्याकडे पाहत शांत उभी होती.

काकांच्या हातातली काडीपेटी तशीच राहिली. ते खाली बसले, वाळूत, पुतळ्याशेजारी, मांडी घालून. आणि बोलायला लागले.

काय बोलले म्हणून सांगू? नळ आता सकाळी येते म्हणाले. मागच्या दाराची कडी ढिली झाली, ते करायचं राहून गेलं. कौलं काढून स्लॅब टाकला. शेजारच्या पोरीचं लग्न झालं, तिला दोन लेकरं. मिक्सर घेतला पण त्याची चटणी जमत नाही. गुडघा दुखते. खोलीत एक पोरगी ठेवली भाड्यानं, भांडकुदळ हाय पण मनानं बरी. ती कोथिंबीर तीन दिवस पुरली. असं एकामागून एक, न थांबता, मध्येच हसले सुद्धा. ऊन आमच्या पाठीवरून उतरून पाण्यात गेलं तरी ते बोलत होते. कोणी त्यांना थांबवलं नाही. मी रडत होते, आणि मला आई-बाबांना फोन करायचा होता, दोघांनाही, वेगवेगळा का होईना, आत्ताच्या आत्ता.

शेवटी ते आपोआप थांबले. म्हातारीने माझा हात सोडवला, काठी टेकत त्यांच्याजवळ गेली आणि खांद्यावर हात ठेवला. आता तिचा आवाज तिचाच होता, फाटका.

"झालं का बोलून?"

काकांनी मान हलवली.

"मंग दे आता," ती म्हणाली.